गुळाच्या कॅनचा वास

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तरी बोलता बोलता नाक चोळायची सवय गेली असेल. शाळेच्या भिंतीला लागून तुमचं ते काळं पिंप होतं. त्यात घरोघरचा भाजीपाला, सडकी पपई, शेणाचं पाणी आणि दुकानातला पाझरलेला गूळ. ते आंबवून परसबागेला घालायचं. पोरांनी दप्तराबरोबर ओंजळभर कचरा आणायचा, हे तुमचं हजेरीपेक्षा कडक. वास सुटला की मी विचारायची, "गुरुजी, संध्याकाळी ह्यातलीच घेता काय हो?" सगळा वर्ग फिदीफिदी हसतोय, तुम्ही छडी शोधताय, आणि सापडल्यावर ती खाली ठेवून म्हणताय, "नाक लांब आहे ना तुझं? मग रोज पिंपाचं झाकण तू उघडायचं. कोंडलेली हवा सोडायची, वास घ्यायचा आणि मला येऊन सांगायचा." दिली होती शिक्षा, पण तिच्यापायी मी शाळा कधी बुडवली नाही.

आमचे हे गेले आणि पोरानं मला इकडं कतारला, दोह्याला आणलं. अल मुंतझात फ्लॅट आहे. सकाळी तो लुसैलला ऑफिसात, सून वेस्ट बेला तिच्या कामावर, नात शाळेत. मागं मी आणि एसी. नातीला मराठीत काही विचारलं की ती इंग्रजीत सांगते, मी म्हणते, "व्हय मॅडम." ती हसते आणि मोबाइलमध्ये जाते. बाल्कनीतला कढीपत्ता पिवळा पडलेला. मग मी पाण्याचा रिकामा कॅन घेतला, केळ्याच्या साली, अननसाच्या साली, कलिंगडाची पाठ, वर गूळ आणि पाणी. शेण कुठलं आणू? उंटाचं मागायची लाज वाटली. रोज झाकण सैल केलं की फुस्स व्हायचं. मी म्हणायची, "बोला गुरुजी." दिवसभरात घरात तेवढंच कुणीतरी बोलायचं.

पण इथलं ऊन तुम्हाला माहीत नाही. आपल्याकडं जे सावकाश आंबायचं ते इथं भसाभसा उठलं. वास पार जिन्यात. लिफ्टपाशी वॉचमननं अडवलं. केरळकडचा माणूस, फार सभ्य. "मॅडम, आप के घर से कुछ स्मेल आता है." आता सरळ सांगायचं की झाडाचं खत आहे. पण माझी जीभ! म्हटलं, "हां भैया, पहली धार का है. चखेगा?"

तो हसलाच नाही, गुरुजी.

संध्याकाळी पोरगा दारातनंच, बूट न काढता, "आई, तू काय बोललीस त्याला?"

"गंमत केली रे."

"इथं दारूची गंमत नाही चालत! घरात दारू काढतात म्हणून कुणी कंप्लेंट केली, तर नोकरी, व्हिसा, सगळं खलास. कॉन्ट्रॅक्ट रिन्यूअलला आलंय माझं."

मी म्हटलं, "थोडे दिवस दे. पहिल्यांदा दारूसारखाच वास येतो. मग आंबट येतो. आंबट आला की झालं खत, मग वाटलं तर पोलिसाच्या नाकाला लाव."

"तोवर खाली त्या माणसाला काय सांगू मी?"

लहानपणी अंगणात विंचू दिसला की असाच उभा राहायचा, हलायचा नाही. एवढी मोठी गाडी, गळ्यात ऑफिसचं कार्ड, आणि वॉचमनसमोरनं जायला घाबरतोय. मला वाटायचं, हा इथं पाय रोवून बसलाय. तोही बाल्कनीतल्या कुंडीतलाच निघाला. मी म्हटलं, "उद्या टाकते." माझ्या तोंडून इतक्या लवकर हो आलेलं बघून सूनसुद्धा चपापली.

सकाळी सगळे गेल्यावर कॅन ओढत बाथरूममध्ये नेला. कंबर धरली. झाकण काढलं, वास घेतला. मोबाइल हातात घेतला, नंबरही काढला. पोराला कळवलं असतं तर म्हणाला असता, "राहू दे मग." आणि तरी रोज मान खाली घालून लिफ्टमधनं उतरला असता. मोबाइल ठेवला आणि कॅन कलंडवला. साली जाळीत अडकल्या, त्या हातानं काढल्या. खूप वेळ लागला. मग तिथंच पाटावर बसून राहिले.

रात्री जेवताना त्यानं विचारलं, "टाकलंस?"

"टाकलं."

"दारूच होती ना अजून?"

"होती की. नुसत्या वासानं चढली मला. दुपारभर झोपले."

कितीतरी दिवसांनी पोरगा हसला. आणखी एक भाकरी मागून घेतली.

नातीच्या चित्राच्या कागदामागं हे लिहिलंय. पाठवायचं कुठं, आणि कशाला? पण तुम्ही रोज विचारायचा तसं कुणी विचारलं नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. आंबट आला होता, गुरुजी. चांगला, कैरीच्या पाण्यासारखा.