बाभळीच्या नऊ फळ्या

मी, देवाजी तुकाराम रंगारी, वय ७३, धंदा सुतारकाम, राहणार नंदनवन, नागपूर, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. धंतोलीच्या डॉक्टरांनी तपासले हृदय, पण दाखला डोक्याचाही दिला. तो सोबत जोडला आहे.

१. राहते घर पत्नी प्रेमिला हिचे. तिच्यानंतर मुलगा पियुष व मुलगी नंदिनी यांचे, निम्मे निम्मे.

२. कामाची शेड, रंधे, पटाश्या, करवती नंदिनीला. मुलीच्या हाती रंधा शोभत नाही, असे मीच म्हणायचो. मी जेवायला गेलो की ती शिकायची. चूक माझी होती, हे लेखी मान्य करतो.

३. मेहुणे ताराचंद यांनी माझ्या कलाकृतीला सरपण म्हटले. शेडमधल्या सगळ्या ढलप्या त्यांना पोचत्या कराव्यात.

४. आता ती कलाकृती. रस्ता रुंद करताना पाडलेली बाभूळ मी घेतली आणि ओली असतानाच चिरली. वाळताना नऊ फळ्या नऊ तऱ्हांनी वाकल्या. फेकायचे जिवावर आले, म्हणून एकीला दुसरीचा टेका देत, खिळा न मारता, गोल उभ्या केल्या. शेजारचे चित्रकलेचे मास्तर विक्रम यांनी त्या रामदासपेठेतल्या प्रदर्शनात नेल्या. तिथे एका प्राध्यापकांना त्यात नदी दिसली, दुसऱ्यांना जंगल. मला विचारले तेव्हा मी म्हणालो, लाकूड ओले होते.

प्रेमिला बराच वेळ बघत राहिली. लग्नाआधी ती वीटभट्टीवर होती. म्हणाली, “या त आमी बाया. पाटी उतरवून टेकलो.”

तेव्हापासून मलाही दुसरे काही दिसत नाही.

पुढे एका हॉटेलवाल्याने त्या मागितल्या, पण फळ्या तासून सरळ आणि चकचकीत हव्या होत्या. पियुष म्हणाला, “लाकूडच त आहे बाबा, देऊन टाकू.” नंदिनी म्हणाली, “सरळ केल्यावर आई त्यात उरते काय?” शब्द वाढले. मी मध्ये पडलो नाही. चार महिने झाले, पियुष घरी आला नाही.

म्हणून नऊही फळ्या दोघांना मिळून देतो. वाटणी करू नये, तासू नयेत, पॉलिश लावू नये. वर्षातून एकदा जवसाचे तेल द्यावे. एक फळी काढली की बाकीच्या कोसळतात, तेव्हा एकाने धरायचे, दुसऱ्याने तेल लावायचे.

५. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने. भाषणे नकोत.

सही करण्याआधी हे सर्व प्रेमिलाला वाचून दाखवले. ती म्हणाली, “मरेपर्यंत काहून वाट पाहून राहिले? त्याले आत्ता फोन लावा.”

लावला. तो रविवारी येतो आहे. तेल आणायला सांगितले आहे.

सही: देवाजी तुकाराम रंगारी

आमच्यासमोर सही केली:
१. विक्रम भगत, कलाशिक्षक
२. इंदुताई वासनिक, शेजारी

नागपूर, गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५