रोज अकरा सेकंद पुढे

४ नोव्हेंबर, मंगळ.
घड्याळ आलं. पूर्वाच्या साखरपुड्यात तेजसला द्यायचं. त्याने तिच्याकडे निरोप धाडला होता, "ऑटोमॅटिक हवं, डायल गुळगुळीत नको आणि महाग तर मुळीच नको. ताईंना मोजमापातलं कळतं, त्यांनाच निवडू दे." मुलगा शहाणा दिसतोय. 'ताईला कळतं' असं या घरात शेवटचं कुणी म्हटलं होतं, तर बाबांनी. त्यांना जाऊन चार वर्षं झाली.
डायल मळकट पांढरी, सुपाच्या विणीसारखी. उजेड तिरपा पडला की वीण उठून दिसते, सरळ पडला की गायब. काटे बारीक, नीट घासलेले. अंधारात काही दिसत नाही. पट्टा तपकिरी, चामड्याचा, लाकडासारखा ताठ. खोक्यावर ३९ मिमी लिहिलंय. उद्या कंपनीत मोजेन.
पूर्वा, धाकटी बहीण, सत्तावीस वर्षांची, आणि घड्याळ गालाला लावून बसली. वेडी.

५ नोव्हें., बुध.
३९.०६. ठीक.
कॅलिब्रेशन रूममध्ये उपग्रहावरून वेळ घेणाऱ्या घड्याळाशेजारी ठेवलं. शिंदेभाऊ हसायला लागले. आमच्याच रूममधले, चाकणचेच, घड्याळांचा नाद आहे त्यांना. "मॅडम, टेबलावर ठिवून तपासता व्हय? बंद पडंल की. त्यात सेल न्हाई. हात हलला की आतली चकती फिरती, तीच त्याची चावी. हातावरच घाला, पंधरा दिस."
घातलं. माझ्या मनगटाला पार शेवटचं भोक लागलं.
दुसऱ्याला द्यायची वस्तू आपण तपासल्याशिवाय पुढे जाऊ द्यायची नाही. चौदा वर्षं याच कामाचा पगार घेते.

६ नोव्हें., गुरु.
सुट्टी. (चाकणचा रविवार गुरुवारी असतो, हे नातेवाइकांच्या डोक्यात अजून शिरलेलं नाही.)
आई : "पुरुषाचं घड्याळ घालून भाकऱ्या काय थापायलीस? काढून ठेव, पीठ जाईल." नाही जात, मागचं झाकण घट्ट आहे. तरी काढलं. पूर्वा म्हणाली, "तुला काय छान दिसतंय गं ताई." म्हणाली खरी. इथे लिहून ठेवते.
माझ्या लग्नात बाबांनी नवऱ्याला दिलेलं घड्याळ सोनेरी होतं. न तपासता दिलं. मुलगीही न तपासताच दिली. दोन वर्षांनी मी कायमची परत आले, घड्याळ आलं नाही. अजून घालत असेल तो.

९ नोव्हें., रवि.
रोज किती सेकंद पुढे : +१४, +१२, +११, +११. स्थिरावतंय. रात्री डायल वर करून ठेवलं तर +६. चावी द्यायची खुंटी खाली करून उभं ठेवलं तर –४. या किमतीत कुरकुरायला जागा नाही.
काच थोडी फुगीर. कडेच्या आकड्याकडे तिरपं पाहिलं की तो जरा पसरतो. आवडलं मला ते. मोशीला बस पाऊण तास उभी होती, तेवढा वेळ डायलच बघत होते. शेजारची अकाउंट्सची बाई म्हणाली, "मिस्टरांचं का?" मी हो म्हटलं. कशाला म्हटलं, कुणास ठाऊक.

१३ नोव्हें., गुरु.
बंद पडायची चाचणी. मंगळवारी रात्री नऊला काढून कपाटात ठेवलं, आज दुपारी पावणेएकला थांबलं. एकोणचाळीस तास पंचेचाळीस मिनिटं. खोक्यावर चाळीस छापलंय. म्हणजे पंधरा मिनिटांची थाप. माणसांच्या मानाने किरकोळ.
दोन दिवस हात मोकळा मोकळा वाटला. लगेच घातलं.

१६ नोव्हें., रवि.
शेवटच्या नोंदी +११, +११, +१०, +११. भिंगाखाली पाहिलं. सातच्या आकड्याखाली विणीची एक रेघ चपटी आहे. तेजसला दिसणार नाही. मला दिसते. तरीही पास.
पुसून खोक्यात ठेवलं. खरं सांगायचं तर काढवत नव्हतं. स्वतःला असलं एखादं घ्यावं. घेणार नाही, माहीत आहे.
पूर्वाने तेजसला फोनवर सांगितलं, "ताईने दोन आठवडे हातावर घालून तपासलंय, रोज नोंदी ठेवल्यात." तो म्हणे खूश झाला. मीही झाले.

२० नोव्हें., गुरु.
कासारवाडीहून काकू आली, साखरपुड्याची ताटं लावायला. बाबा नाहीत आणि आई विधवा, म्हणून मानाचं सगळं काका-काकूंच्या हातून. ते ठरलेलंच होतं, त्यावर मी आधीच एक भांडण हरले आहे.
काकूने खोकं उघडलं. डायलकडे बघितलंसुद्धा नाही. पट्टा चिमटीत धरून म्हणाली, "हे कुणी घातलं होतं गं?"
शेवटच्या भोकाजवळ चामड्याला घडी पडली होती. पुरुषाच्या मनगटाला ते भोक लागतच नाही. भिंगाखाली सातच्या आकड्याखालची रेघ बघितली मी, आणि डोळ्यासमोरचा पट्टा बघितला नाही. वा रे इन्स्पेक्टर.
म्हटलं, मी घातलं होतं, तपासायला.
"अगं माय! तू कशाला घातलंस? लेकराचा संसार आता कुठं मांडायलोत. तुझ्या हातून उतरलेलं त्याच्या हातात कसं द्यायचं? वाईट वाटून घेऊ नको बाई, पण लोक काय म्हणतील? दुसरं आण."
मी आईकडे बघितलं. आई सुपाऱ्या मोजत होती. नंतर स्वयंपाकघरात म्हणाली, "मी पण मागंच बसणारे की. मी काही बोलले का?" जणू हे बक्षीसच, आणि आता मी रांगेत तिच्या मागे.
पूर्वा एवढा वेळ दारात उभी होती. माझी बाजू घेईल असं वाटलं. ती म्हणाली, "ताई, नुसता पट्टा बदलला तर?"
काकूने विचार केला. चालेल म्हणाली. घड्याळ लोखंडाचं, त्याला दोष लागत नाही म्हणे. चामड्याला लागतो.
चाळीस हजार गोष्टींचं शास्त्र पाठ आहे बाईला.

२१ नोव्हें., शुक्र.
कंपनीतून परस्पर पिंपरीच्या बाजारात. बदलायलाही मीच, कारण बाकीच्यांना वेळ नाही. दुकानदार : "मॅडम, हा तर नवाच आहे, का बदलताय?" म्हटलं, डाग आहे. त्याने उलटासुलटा करून बघितला, "कुठाय?"
त्याला नाही दिसला.
नवा पट्टा काळा. डायलला तपकिरीच शोभत होता. जुना पर्समध्ये टाकला.
रडले नाही. राग इतका आहे की रडायला जागा नाही.

२३ नोव्हें., रवि.
ताथवड्याचा हॉल. रविवारची रजा मागून घेतली होती, म्हणून गेले. नाहीतर सरळ कामावर जाणार होते.
आई आणि मी शेवटून दुसऱ्या रांगेत. काकांनी टिळा लावला, काकूने ओवाळलं, घड्याळ दिलं. तेजसने तिथेच घातलं. खुर्चीत बसल्या बसल्या हात तिरपा करून डायल बघितली. उजेड कसा पडतो ते बघत होता. एवढ्या गर्दीत तेवढं एक त्यानेच बघितलं.
मग मोठ्याने, "ताई कुठायत? दोन आठवडे हातावर घालून तपासलंय त्यांनी! रोज किती पुढे जातं विचारायचंय."
त्याची आई त्याच्याकडे बघायला लागली. काकू निरांजनाचं ताट धरून जागच्या जागी. मी उठत होते. खरंच अर्धी उठले होते.
पूर्वा हसत म्हणाली, "छे, ताईने नाही घातलं. नुसतं बघितलंय. अगदी कोरं आहे."
मी बसले. आईने माझ्या हातात पेढ्याचं तबक दिलं, म्हणाली, वाट.
वाटले.

२४ नोव्हें., सोम.
पूर्वा सकाळी ओट्यापाशी आली. "काकू तिथंच होती ताई. त्याची आई पण. मी काय बोलणार होते?" म्हटलं, खरं बोलायला काकूची परवानगी लागते हे माहीत नव्हतं. ती रडली. मला दया आली नाही. आता लिहिताना थोडी येते आहे, तीही नकोशी वाटते.
जाता जाता, "तेजसने विचारलं तर सांगू नकोस ना. प्लीज. पहिल्याच दिवशी मी खोटं बोलले असं होईल."
झालंच आहे तसं.

२६ नोव्हें., बुध.
कंपनीत जेवणाच्या सुट्टीत तेजसचा मेसेज. जसाच्या तसा उतरवते :
"ताई, तीन दिवस मोजतोय. रोज अकरा सेकंद पुढे. बरोबर आहे का? पूर्वा आता म्हणते तुम्ही घातलंच नव्हतं. पण नोंदी ठेवल्यात असं आधी तीच म्हणाली होती. मला त्या नोंदी पाठवाल का? खरं काय आहे ताई?"
अकरा. माझ्या हातावर अकरा, त्याच्या हातावर अकरा. मनगट कुणाचं, हे घड्याळाला कळलेलं नाही.
शिंदेभाऊंना दाखवला. ते नेहमीसारखे हसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, नोंदी मागतोय म्हंजे मानूस बरा हाय." मग हातातलं मापाचं गेज पुसायला लागले.
'घातलं नव्हतं' एवढं लिहिलं की काकू, आई, पूर्वा, सगळ्यांचं निभावतं. चौदा वर्षांत एक नोंद खोटी लिहिलेली नाही, आणि पहिली लिहायची ती स्वतःच्याच हाताबद्दल. खरं लिहिलं तर तो पूर्वाला विचारणार. कोणत्या तोंडाने सांगेल ती? लहानपणी ताप आला की माझाच हात धरून झोपायची. हाच हात.
दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. मेसेज वाचल्याचं त्याला दिसत असेल.
उद्या गुरुवार. मला सुट्टी, पूर्वा घरूनच काम करणार आहे. सकाळी तिच्या चहाच्या कपाशेजारी ठेवायला जुना पट्टा पर्समधून काढलाय. उत्तर काय पाठवायचं, ते तिला माझ्यासमोर बसून सांगू दे.