सतरा एकांची संख्या

रविवार, ३ मे

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा गुडघा आता जिने चढू देत असेल असं धरून चालतो.

माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. हिने घर रंगवायला काढलंय, त्यामुळे मी खोक्यांच्या गराड्यात बसून लिहितोय. गेल्या महिन्यात तू तीनदा फोन केलास आणि तिन्ही वेळा मी आंघोळीला गेलो होतो. खरं सांगायचं तर समोरच बसलो होतो.

त्या फोनांच्या आधीच खोक्यांतून तुझ्या वह्या निघाल्या होत्या. नातीने विचारलं, "आजोबा, हे काय?" म्हटलं, सतरा एक ओळीने लिहिले की जी संख्या होते, ती कशाने भागली जाते हे तुझ्या बाबांची आत्या शोधत होती. ताई, तुझी युक्तीही तिला सांगितली: तिचा कुठलाही भाजक चौतिसाच्या पटीहून एकाने मोठा असणार, म्हणून बाकीच्यांकडे बघायचंच नाही. नातीने मोबाइलवर आकडे टाकले. चहा गाळून होईपर्यंत उत्तर आलं. २०७१७२३ ने भाग जातो.

मला आधी आनंदच झाला. मग वही उघडली. ती संख्या तिथे होती, तपासून झालेली.

तू दिवसा टेलिफोन ऑफिसात आणि संध्याकाळी भागाकारात. गणिताच्या प्राध्यापकांनी तुला कळवलं होतं, भाजक सापडला तर या, माझ्याकडे संशोधनाला जागा आहे. त्या आठवड्यात तू तापाने पडलीस आणि एक पान मला दिलंस. चाळीस भागाकार. मी अकरा केले. ही वाचनालयाच्या पायऱ्यांवर वाट बघत होती. तेव्हा आमचं लग्न ठरायचं होतं. उरलेल्या एकोणतीस बाक्या मी मनाने लिहिल्या आणि निघालो.

बरी झाल्यावर तू म्हणालीस, "तुझं पान काही तपासत बसत नाही रे."

पुढे दीड वर्ष तू तीस लाखांपर्यंत गेलीस. मग वह्या बांधल्यास. म्हणालीस, "माझ्यातच काहीतरी कमी आहे." प्राध्यापकांना पुन्हा लिहिलं नाहीस. मी शेजारी बसून जेवत होतो.

२०७१७२३ च्या ओळीत माझ्या अक्षरात आहे: बाकी ४१८. काल सकाळी तो भागाकार मी हाताने केला. शून्य आली. तुझ्यात काहीही कमी नव्हतं, ताई.

हिला सांगितलं. तिने वही मिटून माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. मग म्हणाली, "फोन नका करू. लिहा. फोनवर त्या तुमचीच समजूत काढत बसतील."

म्हणून लिहिलं. शनिवारी सकाळच्या गाडीने येतोय. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. मी थोडा वेळ जिन्यात बसेन.

तुझा अपराधी, आणि तरीही तुझाच,
धाकटा