नकाराची खूण

प्रिय दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते. बाबा अंथरुणातून उठत नाहीत. जेवण दोन घासांवर आलंय. रोज सकाळी मला एकच विचारतात, आज कॉम्प्युटर अडला का? नाही म्हटलं की भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. पण आधी मला तुझ्याशी भांडायचंय, ते ऐकून घे.

चष्म्याच्या काचा घासायचं आपलं मशीन त्या जुनाट कॉम्प्युटरशिवाय कुणाचं ऐकत नाही, म्हणून तो अजून दुकानात आहे. ठरलेल्या आकाराच्या काचा मी कापायचे. नवीन फ्रेम आली, तिचा आकार साठवायला गेले, की पडद्यावर ‘ॲक्सेस डिनाइड’. मग तुला फोन. अडला हरी, दुसरं काय! तुझा रविवार उजाडेपर्यंत गिऱ्हाइकांची बोलणी मी खायची. तू यायचास, मला खुर्चीवरून उठवायचास, पासवर्ड टाकताना मान वळव म्हणायचास, आणि चहा निवायच्या आत सगळं सुरळीत. जुनी सिस्टीम आहे, तिला असंच सांभाळावं लागतं, हे वर ऐकवायचास. आतल्या खोलीतून बाबा म्हणायचे, पोरगा आहे म्हणून दुकान आहे. दिवसभर मशीनपाशी उभी असायची ती कोण होती रे?

दोन महिन्यांपूर्वी एक बस ड्रायव्हर फुटका चष्मा घेऊन आला, त्याच्या फ्रेमचा आकार मशीनमध्ये साठवलेला नव्हता. चष्म्याशिवाय त्याला कामावर घेईनात. तुझा फोन लागेना, म्हणून ज्यांनी आपल्याला मशीन विकलं त्या काकांना विचारलं. ते सांगत गेले, मी करत गेले. कॉम्प्युटर सुरू होताना एफ-आठ दाबायचं, सेफ मोडमध्ये जायचं, तिथे एक मुख्य खातं दिसतं. त्याला पासवर्डच नव्हता! पुढच्या दाराला एवढं थोरलं कुलूप आणि मागचं दार सताड उघडं. मग सॉफ्टवेअरचं फोल्डर शोधलं, त्याच्या परवानग्या उघडल्या. तिथे माझं नाव होतं आणि नावापुढे ‘डिनाय’च्या चौकटीत बरोबरची खूण.

काकांना वाचून दाखवलं तर त्यांनी मला ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, पोरी, परवानगी द्यायची राहून जाते, पण नकाराची खूण आपोआप पडत नाही, कुणीतरी हाताने लावावी लागते. मी ती काढली. ड्रायव्हर त्याच संध्याकाळी चष्मा घालून गेला. मी मात्र स्टुलावर बसून ढसाढसा रडले, दादा. मी काही बिघडवीन म्हणून लावलीस, की बाबांसमोर तुझा रुबाब राहावा म्हणून? मला आता उत्तरही नको. तुझी चीड येते, एवढं खरं.

त्यानंतर मशीन एकदाही अडलं नाही, मी तुला बोलावलं नाही, आणि तूही आला नाहीस. बाबांना बघायला ये म्हणून फोन केला, तेव्हा म्हणालास, काम असेल तर सांग. मग फोन उचलणंही बंद. तुझ्या रविवारी बाबा सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे, ते मी बघत होते. ते कॉम्प्युटरसाठी नव्हतं, एवढं तुझ्या हुशार डोक्यात कसं आलं नाही?

आज सकाळी दुकान उघडलं आणि ती खूण माझ्या हाताने परत माझ्या नावापुढे लावली. एक नवीन फ्रेम मुद्दाम चढवून बघितली. झालं, ‘ॲक्सेस डिनाइड’. आत जाऊन बाबांना सांगितलं की कॉम्प्युटर अडलाय, दादाला कळवते. ते उठून बसले. कपभर दूध संपवलं आणि दाढीचं सामान मागितलं. डॉक्टरांनी फार रविवार सांगितलेले नाहीत. तू ये. मी खुर्चीवरून उठेन, मानही वळवीन.

तुझीच,
धाकटी