उगी देणं

आई, तू गेल्यावरही तुझ्या हॉस्पिटलात पाऊल टाकायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि आता आठवडाभर तुझ्याच त्या तान्ह्या बाळांच्या वॉर्डात बसून आहे. मला मुलगी झाली, दोन महिने आधीच. इतक्या लहान बाळासाठी श्वासाचं मशीन त्या दिवशी तिथंच रिकामं होतं, म्हणून नाइलाज झाला. वॉर्डाला नवा रंग दिलाय, मशीनंही नवी आहेत. पण दारातून आत जाताना लहानपणी वाटायचं तेच अजून वाटतं, की आत तू दुसऱ्या कुणाची तरी आहेस.

बाबांची नागपूरला बदली झाली तेव्हा बँकेतल्या बाकीच्या मराठी घरांसारखं आपणही सामान बांधायचं होतं. तू म्हणालीस, वॉर्ड सोडून मला जाता येणार नाही. बाबा एकटे गेले. इथं बंगालात, बेहाला भागातल्या त्या दोन खोल्यांत आपण राहिलो, म्हणजे मी राहिले. तू कपडे बदलायला यायचीस. माझ्या बोलण्यात अजून बंगाली घुसतं म्हणून बाबा चिडवतात. मराठी मी शिकणार तरी कुणाकडून? घरी पोचेपर्यंत तुझं बोलणं संपलेलं असायचं.

स्वयंपाकघरातली ती दुपार मला अजून दिसते. वरणाला फोडणी देताना माझ्या हातावर तेल उडालंय, तू माझा हात नळाखाली धरला आहेस, पण डोळे घड्याळाकडे. मलम लावून तू पर्स उचललीस. मी दार अडवून रडायला लागले, तर म्हणालीस, "तुला कुठं दुखतं ते सांगता येतं. त्यांना येत नाही." बरोबरच होतं तुझं. त्या काळी चांगले शिकलेले डॉक्टरसुद्धा म्हणत, की एवढ्याशा जिवाला दुखणं कळतच नाही, आणि तू त्यांच्याशी भांडायचीस. मला मात्र तुझ्याशी भांडायला कारणच मिळायचं नाही. दुसऱ्याचं बरं बघवेनासं झालं की पोटात दुखतं म्हणतात ना, ते माझं पोट तेव्हापासून दुखतंय. कुठं दुखतं ते मलाही कधी सांगता आलं नाही.

परवा माझी मुलगी रडत होती. नळी घशातून गेलेली, त्यामुळे आवाज नाही; तोंड वाकडं, कपाळावर आठ्या, मुठी आवळलेल्या. मी डॉक्टरीणबाईंवर खेकसलेच, तिला औषध देऊन झोपवून टाका म्हणून. बाई तरुण, पण शांत. म्हणाल्या, नळी घालताना औषध दिलं होतं, लागलं तर पुन्हा देऊ, तिचा चेहरा आणि मुठी आम्ही बघतच असतो. पण सारखं झोपवून ठेवलं तर तिचा स्वतःचा श्वास मंदावेल आणि मशीन सुटायला उशीर होईल. मला काही ते पटेना. तिला दुखतंय आणि मी नुसती बघतेय, एवढंच मला कळत होतं. तेवढ्यात एक सिस्टर आली, निवृत्तीला टेकलेली, आणि सहज म्हणाली, "दीदी, बाच्चाटाके एकटू उगी दाओ."

बाळाला जरा उगी द्या, म्हणजे काय द्या? मला वाटलं, औषधाचं नाव असेल. तिनं मला हात धुवायला लावले आणि काचेच्या पेटीत घालायला सांगितले. एक तळवा डोक्यावर, दुसऱ्यात दुमडलेले पाय. दाबायचं नाही, चोळायचं नाही, नुसतं धरून राहायचं. म्हणाली, मोठ्या मॅडमनी शिकवलंय, म्हणजे तू. बाळाला असं धरून त्या पुटपुटायच्या, उगी, उगी. ह्या सगळ्या नर्स बंगाली मुली, त्यांना वाटलं धरण्याचंच ते नाव. तेव्हापासून वॉर्डात उगी देतात, नव्या नर्सला उगी शिकवतात. आई, मला आधी हसू आलं आणि मग इतका राग आला की हात थरथरायला लागले. सिस्टर म्हणाली, हात स्थिर ठेवा, बाळाला कळतं. तुझ्या तोंडून हा शब्द मी ऐकल्याचं मला आठवत नाही. मी तान्ही असताना म्हणाली असशीलही, पण ते माझ्या काय कामाचं? लोकांच्या पोरांना तू मराठीत गप्प करत होतीस, आणि तुझ्या मुलीला ते एका बंगाली बाईनं शिकवायचं.

हळूहळू मुठी सुटल्या, कपाळावरच्या आठ्या गेल्या. मला रडू आलं, आनंदानंच. पण आत काहीतरी कुरतडतही होतं, की हिला जन्मल्या आठवड्यातच तुझे हात मिळाले. पोटच्या पोरीचा हेवा करणारी आई तू कधी पाहिली होतीस का गं?

आज नळी काढली. नाकाशी छोटी नळी आहे अजून, पण रडण्याला आवाज आलाय, मांजराच्या पिलाएवढा. ते मी बाबांना फोनवर सांगत होते, तेव्हा माझं मराठी ऐकून सिस्टर जवळ आली. मी तिच्या मॅडमच्याच मुलखाची, याचा तिला कोण आनंद झाला. मी कोण ते मी सांगितलं नाही. इतकी वर्षं तो शब्द तिच्या तोंडात आहे, पण मॅडमना विचारायचं राहून गेलं होतं. म्हणून उगी म्हणजे काय ते तिनं मला विचारलं, "उगी माने की, दीदी?"

हे पत्र कुठं धाडायचं नाही, तेव्हा खरं ते लिहिते. ती उत्तराची वाट बघत उभी होती, माझ्या मुलीचं दूध हातात घेऊन. मी ठाऊक नसल्याचं सांगितलं, "जानी ना."