न धुतलेल्या लोकरीचा नेकवॉर्मर

ती. आई,

साष्टांग राहू दे, उभ्यानेच नमस्कार. गुडघे दुखतात.

अत्यंत खेदपूर्वक कळवते की, आपण आपल्या मरून स्वेटरला स्वहस्ते लावलेल्या बटणांपायी या घरातली एकमेव धार असलेली कात्री कामी आली. टोकच उडालं! आई, तुम्ही बटण लावत होतात की धरण बांधत होतात?

आता तुम्ही विचाराल, सासूच्या स्वेटरला कात्री लावायची सुनेची हिंमत झाली कशी? तेच सांगायला लिहितेय. तुमची लेक रोज सकाळी तुमच्या फोटोशी बोलते. माधुरीताईंच्या तोंडून कळण्याआधी माझी बाजू ऐका.

तुम्ही गेल्यापासून तुमची नात त्या स्वेटरला सोडत नाही. सकाळी शाळेच्या व्हॅनमध्ये हट्टाने खिडकीशी बसते. नाशिकची थंडी तुम्हाला काय सांगू? कानटोपी नको, मफलर नको. तुमच्या स्वेटरच्या बाह्यांची गळ्याशी गाठ मारायची आणि उरलेली आजी पाठीवर लोंबकळत न्यायची! बाईंनी दोनदा निरोप पाठवला, युनिफॉर्ममध्ये बसत नाही. मी म्हटलं, आजी कुठल्याच युनिफॉर्ममध्ये बसत नव्हत्या.

रविवारी माधुरीताई गंगापूर रोडवरून आल्या आणि दारातच थबकल्या.

"वहिनी! वर्षश्राद्ध व्हायचंय अजून. गेलेल्या माणसाच्या अंगावरचं पोरीच्या गळ्यात?"

"तिनेच घातलंय."

"तू आई आहेस ना? काढ ते. मी आजच गंगेवर सोडून येते."

सईने ऐकलं मात्र, स्वेटर छातीशी धरून बाथरूममध्ये पळाली आणि आतून कडी लावली. "आजी माझीये! आत्याची नाहीये!" तुमचे चिरंजीव म्हणाले, "तुम्ही बायका बघा काय ते," आणि खाली गाडी पुसायला गेले. आदल्या दिवशी धुतलेली गाडी! हे वळण तुम्हीच लावलंत हं त्यांना.

मी बाथरूमच्या दाराशी बसले. आत पोरगी मुसमुसत होती, बाहेर तुमची लेक फणफणत होती. सईला म्हटलं, "स्वेटर मला दे. गंगेवर जाणार नाही. पण आज आहे तसा उद्या राहणार नाही. चालेल?" बऱ्याच वेळाने कडी उघडली.

आणि मी ताईंच्या समोर बसून बटणं उडवली, गळ्याचं टोक शोधलं आणि ओढलं. सरसर उसवत गेलं हो! तुम्ही मला सुया कधी धरू दिल्यात? "तुझा हात करकचून, तू आपल्या भाकऱ्या कर." शिकवते, शिकवते म्हणत गेलात निघून. मला जमलं नाही तर स्वेटरही गेला आणि आजीही गेली, हे मला कळत नव्हतं?

"उसवलास? आईचा?" ताई किंचाळल्या.

"आता कपडा उरलाच नाही. लोकर आहे. आणि मामंजी गेले तेव्हा एकलहऱ्याच्या वीज केंद्रातल्या नाइट शिफ्टचा त्यांचा करडा स्वेटर आईंनी दिवसकार्य उरकताच उसवून नव्याने विणला होता. कॉलेजला जाताना कुणाच्या अंगावर होता तो? तुम्हीच कौतुकाने सांगितलं होतंत ना मला?"

ताई गप्प! आई, हे तुम्हाला आयुष्यभर साधलं नव्हतं.

मग त्यांनी काय करावं? माझ्यासमोर मांडी घातली आणि दोन्ही हात पुढे केले, पंजे उभे, मधे वीतभर अंतर. लच्छी गुंडाळायला. तुम्ही लहानपणी तासन् तास बसवायचात ना त्यांना तसं? मी त्यांच्या हातांवर लोकर गुंडाळत गेले. त्यांनी हळूच मनगट नाकाशी नेलं.

"तपकीर," म्हणाल्या.

जिला तुम्ही शेवटपर्यंत औषध म्हणत होतात, तीच.

आता तुमचा कायदा: उसवलेली लोकर कोमट पाण्यातून काढायची, वजन बांधून वाळवायची, वळ्या गेल्याशिवाय सुईवर घ्यायची नाही. मी नाही काढली. विसरून नव्हे, मुद्दाम! धुतली असती तर तुम्ही गेला असतात मोरीतून. वळ्यांसकट विणली. सगळ्या ओळी सुलट, गळ्याभोवती फिरेल एवढी पट्टी, टोकाला तुमचंच बटण. मराठीत गळपट्टा म्हटलं की कुत्र्याचा वाटतो, म्हणून नेकवॉर्मर. वीण उड्या मारतेय, एका जागी टाका सुटून भोक पडलंय. सई त्यात बोट घालून बसते. व्हॅनवाल्या काकांनी विचारलं, "काय गं, टोचत नाही का?"

"टोचते ना. आजी टोचायचीच," म्हणाली.

बाईंचा निरोप नाही. आला तरी मी बसलेय.

ताईंनी मात्र पुन्हा विषय काढला नाही. जाताना जिन्यात एवढंच म्हणाल्या, "माझ्याकडे आईचं काहीच नाही गं. सगळं वाटून टाकलं मी. तेच करतात ना?" मी त्यांना खाली फाटकापर्यंत सोडायला गेले. कधी नव्हे ते.

तर आई, वचन देते. सईचा गळा वाढेल तसं हे दर थंडीत उसवीन आणि पुन्हा विणीन. धुणार नाही. कुणी शास्त्र काढलं तर त्यालाच लच्छी धरायला बसवीन. तुम्ही वरून कितीही डोळे वटारा.

दोन्ही बाह्यांची लोकर मी वेगळी ठेवली होती. परवा ताई आल्या तेव्हा ब्लाउज शिवून देते असं खोटंच सांगून टेप काढली आणि त्यांच्या गळ्याचं माप घेतलं. आज टाके घातले.

तुमच्या आज्ञेबाहेरची,
वृंदा