पाळणा अजून रिकामा आहे

आगमनकाळाचा दुसरा रविवार, दुपार

चि. ठकीस,

बापाचा सलाम आणि आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्ही सगळे बरे असालच. जावयांना सलाम सांग. सांगावासा वाटला तर सांग, जबरदस्ती नाही.

अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. शाळा चौथीत सुटली आणि हातात सुई आली ती आलीच. आता सुईत दोरा ओवायलाही नर्सबाईला हाक मारावी लागते. नर्सबाई म्हणजे शेजारची, तुझ्या लग्नानंतर राहायला आली. माझा गुडघा धरतो. मशीनचा पट्टा सैल झालाय. छप्पर गळेल अशी धास्ती वाटते, अजून गळलेलं नाही.

चर्चमध्ये नवे पाळकसाहेब आलेत. वेदीवरचं जांभळं कापड मी शिवलेलं, ते काढून त्यांनी लाल घातलं. नाताळाआधीच्या चार रविवारांच्या चारही मेणबत्त्या लालच आणल्या. मी म्हटलं, "साहेब, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारी. हा वाट बघायचा काळ आहे, मिरवायचा नाही." तर हसून म्हणतात, "मास्तर, देव काय रंग बघतो?" देव बघत नसेल, शिंपी बघतो. मी पुढच्या बाकावरून उठून पार मागे जाऊन बसलो. का उठलात म्हणून एकानेही विचारलं नाही.

आता सगळ्यांनाच घाई. पहिली मेणबत्ती पेटते न पेटते तोच तरुण संघ गिटार घेऊन घरोघर नाताळची गाणी म्हणत सुटला. आपल्याकडेही आले. मी दारातच अडवलं. म्हटलं, "पाळणा अजून रिकामा आहे, अंगाई कुणाला गाता? पंचवीस तारखेला या." त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "आजोबा, आम्ही आजींसाठी आलोय. त्यांनीच बोलावलंय." मी म्हटलं, घर माझं आहे. गेले. फाटकाशी एकजण बोलला तेही ऐकू आलं, "यांच्या दारात मरणालासुद्धा तारीख बघून यावं लागेल." सगळे फिदीफिदी हसले.

तर बोलावलं होतं तुझ्या आईने. मला न विचारता, नर्सबाईकरवी.

तुझी आई हल्ली पुढच्या खोलीत असते, खाटेवर. उठत नाही. वर बरे आहोत लिहिलं ते रीतीप्रमाणे लिहिलं. पोटात गाठ आहे. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, नाताळ धरून चालू नका. मी म्हटलं, नक्की का? तर म्हणाले, "मास्तर, कापड हातात घेतल्यावर तुम्हाला कळतं ना किती टिकेल, तसंच आमचं."

त्या गाणाऱ्या पोरांना घालवल्यापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. मी समोर उभा, आणि ही नर्सबाईला सांगणार, "त्यांना म्हणावं, पाणी द्या." मी द्यायचो. काल सकाळी उशाशी बसून आपलं आगमनाचं गाणं म्हटलं, प्रभू येणार, दिवे लावून ठेवा, ते. आवाज फाटला तरी सगळी कडवी म्हटली. वाटलं, तिला बरं वाटेल. तर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "जन्मभर तुमचं आपलं येणार, येणार. एकदा आला म्हणा की! का मी मातीखालून ऐकू?"

मी म्हटलं, बरं बाई, पोरांना परत बोलावतो. खरंच टोपी घातली डोक्यावर. म्हणाली, "राहू द्या. दारातून हाकललेली पोरं कशाला येतील? ठकीला बोलवा. लहानपणी म्हणायची ते नाताळचं गाणं म्हणेल." आणि वर, "पण तुमच्याने ते व्हायचं नाही."

म्हणून हे पत्र.

तुझं लग्न आगमनकाळात लावलंत म्हणून मी आलो नाही, झगाही शिवला नाही. या काळात लग्न लावत नाहीत, हा नियम काही मी माझ्या दुकानात कापून काढलेला नव्हे. चर्चच्या अख्ख्या मंडळीतल्या पोरींचे लग्नाचे झगे मी शिवले, तुझाही शिवला असता. तुम्हाला जानेवारीपर्यंत दम धरवला नाही. तेव्हा मी माफी मागतोय असं समजू नकोस. माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. आईच्या उशाशी तुमचा फोटो आहे. ज्याने झगा शिवला त्याला खांदा बसवता येत नाही. डावीकडे चुणी पडलीय. रोज दिसते.

तर ये. पत्र मिळेल तशी नीघ, पुढच्या रविवारची वाट बघू नकोस. जावयांना आण. मुलालाही आण, मी त्याला पाहिलेलं नाही.

आल्यावर सरळ आत जा आणि आईला हवं ते गा. मी आत नसेन. नाताळाआधी ते गाणं माझ्यासमोर नको. याला हट्ट म्हण, नाहीतर खूळ म्हण, तुझी आई दोन्ही म्हणून दमली. मी अंगणात उभा राहीन, कोट घालून. थंडीचं कारण सांगून तिच्या खाटेजवळची खिडकी मात्र लावून घेऊ नका.

वाट बघण्यात मुरलेला,
तुझा बाप